उताऱ्याखालचे प्रश्न

इंग्रजीच्या परीक्षेत ज्याला 'अनसीन पॅसेज' म्हणतात, त्याला मराठी शाळेत एक जुना, कसदार शब्द आहे : उतारा. 'उतारा वाचून खालील प्रश्नांची उत्तरे लिहा' ही सूचना आपल्यापैकी प्रत्येकाने वाचलेली असते. सूचना वाचली की आपण थेट प्रश्नांकडे धावतो, त्यामुळे त्या शब्दाकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. तलाठ्याकडून आणतात तो सातबाराचा उतारा. विषावर देतात तोही उतारा. दृष्ट लागली म्हणून माणसावरून उतरवून तिठ्यावर ठेवतात तोसुद्धा उताराच. दप्तरातला मजकूर उतरवून घेतला, अंगातले विष उतरवले, माणसावरची बाधा उतरवली, पुस्तकातले चार परिच्छेद उतरवून घेतले, क्रिया एकच.

'उतरणे' हे संस्कृत 'उत्' अधिक 'तृ' यांतून आले. तृ म्हणजे पाणी ओलांडणे, तरणे. होडीतून पैलतीरी गेलेला माणूस काठावर पाय टाकतो तेव्हा तो पारही झालेला असतो आणि होडीतून खालीही आलेला असतो. पार होणे आणि खाली येणे हे दोन अर्थ असे एकाच क्रियेत बसले, आणि आपल्या भाषांमध्ये दुसरा वरचढ ठरला. पण पहिल्या अर्थाच्या खुणा मराठीत अजून आहेत. नदीला जिथे पायी ओलांडता येते तो 'उतार'. प्रवासी म्हणजे 'उतारू'. तारू आणि अवतार ही त्याच घरातली माणसे. 'तीर्थ'ही त्यातलेच : मुळात पाण्यात उतरायची, पाणी ओलांडायची जागा. संस्कृतात गुरूलाही तीर्थ म्हणत, कारण त्याच्या आधाराने पार होता येते. एकाच गुरूकडे शिकणारे ते 'सतीर्थ्य'. आजच्या भाषेत वर्गमित्र. पाणिनीने या शब्दाची दखल अष्टाध्यायीत घेतलेली आहे.

आता इंग्रजी शब्द पाहा. 'पॅसेज' आला फ्रेंचमधून, आणि त्याच्या तळाशी आहे लॅटिन 'पासुस', म्हणजे पाऊल. पॅसेज म्हणजे जाणे, ओलांडणे, समुद्रपार होणे. घरातला बोळही पॅसेज आणि पुस्तकातला मजकुराचा तुकडाही पॅसेज. मराठी उतारा आणि इंग्रजी पॅसेज यांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध काही नाही. तरीही दोघांनी पाणी ओलांडण्याचीच कल्पना धरून ठेवावी याचा मला फार आनंद वाटतो. रक्ताचे नाते हवेच असेल तर ते 'थ्रू' आणि 'ट्रान्स' या शब्दांत आहे. इंग्रजी 'थ्रू', लॅटिन 'ट्रान्स' आणि संस्कृत 'तृ' ही तिन्ही एकाच प्राचीन धातूची लेकरे. 'रीड थ्रू द पॅसेज' असे पेपरात छापलेले असते तेव्हा त्यातल्या त्या बारक्याशा 'थ्रू'मध्ये आपले तरणे, तारणे, उतरणे बसलेले असते.

उतारा आणि 'उत्तर' मात्र दिसायला सख्खे आणि असायला परके. उत्तर हा शब्द 'उद्' म्हणजे वर, याला 'तर' प्रत्यय लागून झाला. उच्चतर, लघुतर यांत जो तर आहे तोच. उत्तर म्हणजे अधिक वरचे, मग नंतरचे. म्हणून उत्तरार्ध, उत्तररात्र, आणि प्रश्नाच्या नंतर येते ते उत्तर. इंग्रजी 'आन्सर'ची गोष्ट निराळी आहे. त्याचे जुने रूप 'अँड-स्वारू'. यातला 'अँड' म्हणजे विरुद्ध, समोरून, आणि 'स्वारू'त शपथ घेण्याचा 'स्वेअर' आहे. आरोप झाला की समोरच्याने शपथेवर दिलेले प्रत्युत्तर, हा त्याचा मूळ अर्थ. उताऱ्याखाली दोन गुणांसाठी आपण जे लिहितो त्याच्या पूर्वजाला न्यायसभेत शपथेवर उभे राहावे लागे.

उताऱ्यावरच्या प्रश्नांना आपण 'आकलन' म्हणतो. स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत 'आकलनाचे उतारे' असा शब्दप्रयोग रूढ आहे. इंग्रजीत 'रीडिंग कॉम्प्रिहेन्शन'. या जोडीत मात्र शब्दागणिक मेळ आहे. लॅटिन 'प्रेहेन्देरे' म्हणजे हाताने पकडणे. त्याला 'कॉम' लागले की पूर्णपणे, सगळे मिळून पकडणे. त्याच पकडीतून 'प्रिझन' आला, चोराला 'अॅप्रिहेन्ड' करणे आले, 'सरप्राइज' आणि 'एंटरप्राइज'ही आले. आपल्या 'आकलन'मध्येही 'कल्' धातूची पकड आहे. जुन्या मराठीत 'आकळणे' म्हणजे आवरणे, ताब्यात ठेवणे. मन आकळायचे, इंद्रिये आकळायची. बुद्धीने धरणे हा अर्थ त्याच हाताच्या पकडीवर उभा राहिला. ग्रहण करणे यातही 'ग्रह्' म्हणजे पकडणेच आहे. समजणे मात्र पकडीतून आलेले नाही. ते 'सम्' अधिक 'बुध्' या धातूपासून प्राकृताच्या वाटेने झिजत आले, आणि बुध् म्हणजे जागे होणे. आकळणे हे हाताचे काम, समजणे हे डोळे उघडण्याचे.

आणि वाचणे? संस्कृत 'वच्' म्हणजे बोलणे, त्याचे प्रयोजक रूप 'वाचयति', म्हणजे बोलायला लावणे. पानावरची मुकी अक्षरे ज्याच्यामुळे बोलतात तो वाचक. मराठीतले वाचन फार काळ मोठ्याने होत असे; पोथी वाचणारा एक आणि ऐकणारे दहा. मनातल्या मनात वाचायची सवय त्यामानाने अलीकडची. आणखी एक 'वाचणे' आहे, संकटातून वाचणे. ते निराळ्या धातूचे. जुन्या लेखनात त्याच्यावर अनुस्वार असे : 'वांचणे'. 'तुझ्यावाचून' मधला 'वाचून' त्याच 'वांचणे'चा. लेखनाच्या नव्या नियमांनी तो अनुस्वार गेला आणि दोन परक्या शब्दांचा चेहरा एक झाला.

इंग्रजी 'रीड'चा मूळ अर्थ वाचणे नव्हताच. जुन्या इंग्रजीत 'रॅडन' म्हणजे सल्ला देणे, तर्क करणे, कोडे सोडवणे. जर्मन 'राटेन' आजही सल्ला देणे आणि ओळखणे याच अर्थांनी वापरतात. कोड्याला इंग्रजीत 'रिडल' म्हणतात तो शब्द याच घरातला. दहाव्या-अकराव्या शतकात इंग्लंडचा एक राजा होता एथेलरेड, ज्याला इतिहास 'अनरेडी' म्हणतो. त्याचा अर्थ 'तयारी नसलेला' असा नसून 'ज्याला चांगला सल्ला मिळाला नाही असा' आहे. म्हणजे दगडावर, लाकडावर कोरलेल्या खुणा पाहून त्यांचा अर्थ ताडणे, यासाठी इंग्रजांच्या पूर्वजांनी कोडे सोडवण्याचा शब्द वापरला. शेजारच्या लॅटिनमध्ये वाचण्याला 'लेगेरे', म्हणजे वेचणे. त्या वेचण्यातून 'लेक्चर' आले, 'लेसन' आला, 'सिलेक्ट' आणि 'कलेक्ट' आले. आपल्या जुन्या क्रमिक पुस्तकांत 'वेचे' असत, गद्य वेचे आणि पद्य वेचे. धडा आणि वेचा हे शब्द शेजारी ठेवले की 'लेसन'चे सगळे आयुष्य मराठीत दिसू लागते.

हे शब्द इतक्या जवळून पाहण्याचे कारण आता सांगतो. इंग्रजीच्या अभ्यासात आपल्याकडे दोन कामे चालतात, एक व्याकरणाचे आणि दुसरे आकलनाचे. या दोन शब्दांतच दोन उलट हालचाली आहेत. व्याकरण म्हणजे 'वि' अधिक 'आ' अधिक 'कृ' : सुटे करणे, वेगळे करून दाखवणे. आकलन म्हणजे एकत्र धरणे. इंग्रजीतही तसेच. वाक्याचे 'पार्सिंग' करतात त्यातला 'पार्स' लॅटिन 'पार्स'पासून, म्हणजे भाग. जुन्या शाळांत त्यालाच 'वाक्यपृथक्करण' म्हणत. सुटे करणे आणि एकत्र धरणे या दोन्ही गोष्टी लागतात. आपल्या वर्गांत पहिलीवर सारा भर आणि दुसरी आपोआप होईल असा भरवसा, अशी स्थिती मी वर्षानुवर्षे पाहतो आहे.

हे नुसते मत नाही, करून पाहता येते. एक वाक्य घ्या : 'काल संध्याकाळी झिमट्याने गुबड्याला धुमकटले.' आता प्रश्न. गुबड्याला कोणी धुमकटले? झिमट्याने. झिमट्याने काय केले? गुबड्याला धुमकटले. केव्हा? काल संध्याकाळी. तीनपैकी तीन उत्तरे बरोबर, आणि झिमटा कोण, गुबडा कोण, धुमकटणे म्हणजे काय, याचा कुणाला पत्ता नाही. हे तिन्ही शब्द मी आत्ताच बनवले. 'ने', 'ला' आणि 'ले' एवढ्यावर सगळी उत्तरे निघाली. इंग्रजीच्या उताऱ्यात हेच रोज घडते. मुलगा प्रश्नातला एक शब्द उताऱ्यात शोधतो, ते वाक्य उचलतो, 'हू'च्या जागी नाव घालतो आणि गुण मिळवतो. त्याचे व्याकरण पक्के आहे, हे खरेच. पण ज्या क्षणी प्रश्न येतो 'त्याने असे का केले असेल?' त्या क्षणी पेन थांबते, कारण त्याचे उत्तर 'ने' आणि 'ला' देत नाहीत. पुढे नोकरीच्या ठिकाणी इंग्रजी पत्र हाती येते तेव्हा कुणी त्याखाली प्रश्न छापून देत नाही.

व्याकरणाला मी कमी लेखत नाही. उलट माझे म्हणणे असे की व्याकरणाचे शब्द नीट समजले तर आकलनाची निम्मी वाट तिथेच चालून होते. अडचण येते ती शब्द अर्धवट समजल्यामुळे, आणि त्याचे सर्वांत मोठे उदाहरण आहे 'कर्ता'.

मराठी माध्यमात इंग्रजीचा 'सब्जेक्ट' म्हणजे कर्ता, 'ऑब्जेक्ट' म्हणजे कर्म, हे पहिल्या दिवसापासून शिकवतात. 'राम ईट्स अ मँगो' इथे राम कर्ता, आंबा कर्म. ठीक. काही वर्षांनी 'पॅसिव्ह व्हॉइस' येतो आणि फळ्यावर नियम लिहिला जातो : कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल करा. 'अ मँगो इज ईटन बाय राम.' आता आंबा कर्ता झाला, असे मुलाला सांगितले जाते. ज्या मुलाला 'कर्ता' या शब्दाचा अर्थ कळतो त्याला हे पटत नाही, आणि त्याचे न पटणे अगदी रास्त आहे. आंबा काहीही करत नाही. तो खाल्ला जातो.

चूक मुलाची नाही आणि इंग्रजीचीही नाही. दोन वेगळ्या परंपरांचे शब्द आपण एकावर एक चिकटवले. पाणिनीचा कर्ता म्हणजे क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र आहे तो, जिच्यासाठी तो इतर कुणावर अवलंबून नाही अशा क्रियेचा धनी. वाक्य कसेही फिरवा, आंबा खाणारा रामच आहे, तेव्हा कर्ता रामच. संस्कृतात 'रामेण' अशी तृतीया झाली तरी त्याचे कर्तेपण जात नाही. इंग्रजी 'सब्जेक्ट' हा लॅटिन 'सुबियेक्तुम'. त्याचा अर्थ 'खाली टाकलेले', आणि तो ग्रीकांच्या 'खाली असलेले' या अर्थाच्या शब्दाचे भाषांतर आहे. ज्याच्याविषयी बोलायचे ते आधी तळाला ठेवायचे आणि मग त्याच्यावर विधान रचायचे, अशी ती कल्पना. राजाच्या सत्तेखालची प्रजा तीही 'सब्जेक्ट', आणि शाळेतला विषय तोही 'सब्जेक्ट', ते यामुळेच. एका परंपरेत स्वतंत्र असलेला, दुसऱ्या परंपरेत तळाला ठेवलेला. या दोघांना एकच नाव दिले तर गोंधळ होणारच.

आपल्याकडे योग्य शब्द नव्हता असेही नाही. 'उद्देश्य' आणि 'विधेय' ही जोडी मराठी व्याकरणात आहेच. ज्याला उद्देशून बोलायचे ते उद्देश्य, जे सांगायचे ते विधेय. 'सब्जेक्ट'ला उद्देश्य म्हटले असते तर 'अ मँगो इज ईटन बाय राम' या वाक्यात उद्देश्य आंबा आणि कर्ता राम, असे स्वच्छ सांगता आले असते. मुलाच्या डोक्यात एकही गाठ पडली नसती. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले तेव्हा ते बावीस वर्षांचे होते, आणि त्यांच्यासमोर संस्कृत आणि इंग्रजी अशा दोन्ही व्याकरणांचे नमुने होते. दोन परंपरांतले शब्द एका घरात नांदवण्याचे काम त्या पिढीने मोठ्या हिमतीने केले. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रसिद्ध केले, आणि ते उघडले की यांतल्या एकेका संज्ञेवर किती बारकाईने वाद घातला गेला होता हे कळते. शाळेच्या वर्गापर्यंत येता येता तो वाद गळून गेला आणि फळ्यावर नुसती अदलाबदल उरली.

'व्हॉइस'ची गुंतागुंत याहून वरची. त्याला आपण 'प्रयोग' म्हणतो. प्र आणि युज् : जोडणे, जुंपणे. बैलांच्या मानेवरचे 'जू' त्याच कुळातले, 'योग'ही त्यातलाच, आणि इंग्रजीतले 'योक', 'जॉइन', 'कंजंक्शन', 'कॉन्जुगेशन' हे त्यांचे दूरचे चुलतभाऊ. मराठीत क्रियापद कुणाशी जुंपले आहे यावरून प्रयोग ठरतो. कर्त्याशी जुंपले तर कर्तरी, कर्माशी जुंपले तर कर्मणी, दोघांशीही नाही तर भावे. नाव अगदी चपखल आहे. पण इंग्रजीचा व्हॉइस या पायावर उभा नाही.

'रामाने आंबा खाल्ला.' आंब्याऐवजी पोळी ठेवा, 'खाल्ली' होते. अनेक आंबे ठेवा, 'खाल्ले' होते. क्रियापद कर्माशी जुंपले आहे, म्हणजे मराठी व्याकरणाप्रमाणे हा कर्मणी प्रयोग. याचे साधे इंग्रजी काय? 'राम एट अ मँगो.' म्हणजे 'अॅक्टिव्ह'. मराठीच्या तासाला जे वाक्य कर्मणी, इंग्रजीच्या तासाला तेच अॅक्टिव्ह, आणि अॅक्टिव्हला मराठी प्रतिशब्द दिला आहे 'कर्तरी'! हा विरोध सोडवून न दाखवता मुलाकडून शंभर वाक्ये बदलून घेतली जातात. तो नियम पाठ करतो, 'वॉज' आणि 'बाय' योग्य जागी बसवतो. दुसरा मार्ग त्याला कुणी दाखवलेलाच नसतो.

इंग्रजीच्या सहवासाने मराठीत एक नवी रचना आली : 'रामाकडून आंबा खाल्ला गेला', 'पोलिसांकडून चोर पकडला गेला'. मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत तिला 'नवीन कर्मणी' असे नावच आहे. वर्तमानपत्रांत ती रोज दिसते. घरात कुणी 'माझ्याकडून चहा प्यायला गेला' म्हणत नाही, आणि म्हटलेच तर ते 'पिऊ नये तरी प्यालो' अशा अर्थाने. इंग्रजीतला पॅसिव्ह मराठीत आणताना हे 'कडून' टाळले तर भाषांतर चटकन सरळ होते. 'द लाइन वॉज ओपन्ड इन १८५३' याचे मराठी 'हा लोहमार्ग १८५३ साली सुरू झाला'. कुणी सुरू केला हे वाक्याला सांगायचेच नाही, म्हणून तर इंग्रजीने पॅसिव्ह वापरला. उतारा वाचताना नेमके हेच पकडायचे असते. लेखकाने करणाऱ्याचे नाव का गाळले? ते सर्वांना ठाऊक आहे म्हणून, महत्त्वाचे नाही म्हणून, की लपवायचे आहे म्हणून? 'मिस्टेक्स वेअर मेड' असे एखाद्या पत्रकात येते तेव्हा चुका कुणी केल्या हे त्यात नाही. हे ज्याच्या ध्यानात आले त्याला पॅसिव्ह व्हॉइस आकळला.

'आर्टिकल'ला आपण 'उपपद' म्हणतो, जवळ उभे असलेले पद. लॅटिन 'आर्टिक्युलुस' म्हणजे लहानसा सांधा, आणि तो ग्रीक 'आर्थ्रॉन'चे भाषांतर. तो आर्थ्रॉन आपल्या घरी येतो तो 'आर्थ्रायटिस' या दुखण्यातून. 'अ', 'अॅन', 'द' हे वाक्याचे सांधे आहेत, आणि मराठी माणसाचे इंग्रजी तिथेच कुरकुरते, कारण आपल्या भाषेत उपपद नाही. पण उपपद नसले तरी त्याचे काम आपण करतोच. 'एक राजा होता. तो राजा फार दानशूर होता.' पहिल्या वेळी 'एक', दुसऱ्या वेळी 'तो'. इंग्रजीचा 'अॅन' हा मुळात 'वन'च, आणि 'द' हा जुन्या दर्शक सर्वनामाचा, आपल्या 'तो'सारख्या शब्दाचा, झिजलेला अवशेष. आजीच्या गोष्टीतली पहिली दोन वाक्ये ज्याला येतात त्याला आर्टिकलचे निम्मे मर्म आधीच ठाऊक आहे.

शाळेत सांगतात : स्वर आला की 'अ'चा 'अॅन' करा. इतिहास उलटा आहे. आधी सगळीकडे 'अॅन'च होता. व्यंजनापुढे त्यातला न गळला आणि 'अ' उरला. हा न मग कधी पुढच्या शब्दात शिरला, कधी पुढच्या शब्दातून निसटून आर्टिकलला चिकटला. 'अ नेप्रन' होते त्याचे ऐकता ऐकता 'अॅन एप्रन' झाले. 'अ नॅडर'चा 'अॅन अॅडर' झाला. आणि क्रिकेटच्या मैदानावरचा 'अंपायर'! जुन्या फ्रेंचमधल्या 'नोंपेर'चा हा वंशज. म्हणजे जो जोडीत नाही, दोघांपैकी कुणाचाही नाही असा तिसरा माणूस. 'अ नंपायर'चा न सरकून आर्टिकलला मिळाला आणि 'अॅन अंपायर' उरला. ही गोष्ट एकदा ऐकलेला मुलगा 'अॅन' विसरत नाही, असा माझा अनुभव आहे.

'काळ' या शब्दाने असाच घोळ घातला आहे. 'टेन्स' फ्रेंचमार्गे लॅटिन 'टेम्पुस'पासून आला, त्याचाही अर्थ वेळ. तेव्हा दोष दोन्हीकडे सारखा. क्रियापदाचे रूप आणि घड्याळातली वेळ या निराळ्या गोष्टी आहेत. 'हा बघ, आलोच' असे आपण दाराआडून ओरडतो तेव्हा रूप भूतकाळाचे असते आणि यायचे अजून बाकी असते. 'गाडी उद्या सहाला सुटते' यात रूप वर्तमानाचे. इंग्रजीतही 'द ट्रेन लीव्ज अॅट सिक्स टुमारो' असेच म्हणतात. पाणिनीने क्रियापदाच्या रूपांना लट्, लिट्, लङ् अशी निव्वळ अक्षरांची नावे ठेवली आणि त्यांचा वेळेशी संबंध वेगळ्या सूत्रांत सांगितला. नावात वेळ नाही, त्यामुळे नाव फसवत नाही.

'ग्रामर'विषयी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. ग्रीक 'ग्रामा' म्हणजे अक्षर. मध्ययुगीन युरोपात अक्षर येणारा माणूस इतका विरळा की तो जादूटोणाही जाणत असणार, असे लोकांना वाटे. फ्रेंचमध्ये 'ग्रामेअर'पासून मंत्रांच्या वहीचे नाव 'ग्रिम्वार' झाले, आणि स्कॉटलंडमध्ये 'ग्रामर'चाच उच्चार बदलून 'ग्लॅमर' झाला, अर्थ नजरबंदी, मोहिनी. वॉल्टर स्कॉटच्या लेखनामुळे तो साऱ्या इंग्रजीत पसरला. आज नटनट्यांच्या भोवती जे वलय असते ते शब्दाच्या नात्याने व्याकरणाचेच आहे. 'स्पेल' म्हणजे अक्षरे सांगणे आणि 'स्पेल' म्हणजे मंत्र, हे दोन्हीही अखेर बोलणे या एकाच मुळाशी जातात.

आता सरावाकडे येतो. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाची सगळी भिस्त सरावावर. तर्खडकर भाषांतर पाठमालेवर कितीतरी पिढ्या वाढल्या; एकीकडे मराठी वाक्य, एकीकडे इंग्रजी, आणि रोज त्यांची वही. त्याच्याही आधी, १८३२ साली, बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई, आणि नव्याने इंग्रजी शिकणाऱ्याला एका डोळ्याने इकडे, एका डोळ्याने तिकडे वाचता येई. पुढे रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण आले, ज्यातल्या स्वाध्यायांना अंत नाही. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे हा सराव आता सहाव्या वर्षीच सुरू होतो. तेव्हा सराव म्हणजे काय, याचा विचार लहान मुलांसाठीच अधिक निकडीचा झाला आहे.

या सरावासाठी आपला रोजचा शब्द 'अभ्यास'. 'अभि' अधिक 'अस्', म्हणजे एखाद्या दिशेने फेकणे, पुन्हा पुन्हा फेकणे. पाणिनीच्या व्याकरणात याच शब्दाला एक नेमका पारिभाषिक अर्थ आहे. धातूचे द्वित्व झाले की त्यातल्या पहिल्या भागाला 'अभ्यास' म्हणतात. आणि गंमत अशी की हा पहिला भाग बहुधा मूळ अक्षराची हुबेहूब नक्कल नसतो. 'ज्ञा'चा अभ्यास होतो 'जि', म्हणून जिज्ञासा. 'कित्'चा 'चि', म्हणून चिकित्सा. 'भुज्'चा 'बु', म्हणून बुभुक्षित. अक्षर परत येते, पण थोडे बदलून, पुढच्या अक्षराला जागा करून देत. म्हणून 'कर्तरीचे कर्मणी करा' या छापाची शंभर वाक्ये सोडवण्यापेक्षा एकच वाक्य दहा तऱ्हांनी बदलून पाहणे मला अधिक अभ्यासाचे वाटते : करणारा लपवून, काळ सरकवून, 'अ'च्या जागी 'द' घालून, आणि दर वेळी अर्थात काय हलले ते मराठीत सांगून.

याच घडणीचा आणखी एक शब्द 'शुश्रूषा'. आज तो आजाऱ्याच्या उशाशी जागणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला आहे. धातू 'श्रु', ऐकणे. त्याचा अभ्यास 'शु'. आणि सबंध शब्दाचा मूळ अर्थ ऐकायची इच्छा. गुरूचे ऐकावे म्हणून शिष्य त्याच्याजवळ राही, राहता राहता त्याची सेवा करी, आणि सेवेचा अर्थ मूळ अर्थावर चढला. इंग्रजीच्या तासाला हा जुना अर्थ मला फार उपयोगी वाटतो. उतारा हाती दिला की आधी प्रश्न झाकून ठेवावेत, कुणीतरी तो सबंध मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी नुसता ऐकावा, आणि मग विचारावे : काय झाले, सांगा पाहू. सांगणे मराठीत झाले तरी चालेल. पेन त्यानंतर उचलावे.